उंबऱ्यावरची पायाळू

कॅम्प, बेळगाव
५ डिसेंबर १९८३

आक्काताई, इथं येऊन आठवडा झाला आणि तू दिलेली वही आज उघडतोय. रागावू नकोस, बोटं दुखत होती. आता रोजचं लिहून निपाणीच्या गाडीनं तुला धाडीन.

खोली झकास आहे. मालकीण नागुबाई एकटी असते, चहा वेळेवर देते. दवाखान्यातल्या मालुबाई खोलीवर येऊन व्यायाम शिकवतात. एक्स-रे, रक्त सगळं चांगलं निघालं, तेव्हा आपला धाकटा भीमसेन म्हणाला होता, आप्पा सोंग करतोय. मालुबाईंनी मान, खांदे, कंबर, गुडघे इथं अंगठ्यानं नुसतं दाबलं आणि मी कळवळलो. म्हणाल्या, दुखणं खरं आहे, याला फायब्रोसायटिस म्हणतात. हाडं चांगली आहेत, पण अंगाला दुखणं जास्त जाणवतं, झोप नसली की आणखी वाढतं. ऐकून मला रडू आलं. गरम पाण्याचा शेक, हातपाय सावकाश ताणणं, अंगणात थोडं चालणं, मग हळूहळू जास्त. कुणाकडून तुडवून घ्यायचं नाही, हे बजावून सांगितलं. संक्रांतीला मी माझ्या पायांनी तुझ्या दारात येणार बघ.

९ डिसेंबर

हावरटपणानं जास्त चाललो, आज अंग ठणकतंय. मालुबाई रागावल्या. नागुबाई हसली. म्हणाली, असल्या व्यायामानं काय हुतंय आप्पा, आमची जाऊ सुलाबाई पायाळू हुती, जन्मताना पाय आधी आलेली. उंबऱ्यावर पालथं पडलं की पाठीवर पाय द्यायची, माणूस उठून पळायचं. चिकोडीपासनं लोक यायचे. मी विचारलं, आता कुठं असते. म्हणाली, जाऊन लई वर्सं झाली, पर हाक मारून बगा की.

१२ डिसेंबर

मालुबाईंना कळू द्यायचं नाही. दुपारी नागुबाई बाजारात गेली तेव्हा उंबऱ्यावर पालथा पडलो आणि गमतीनं म्हटलं, ये गं सुलाबाई.

कमरेवर पाय पडला. लहानसा, गार. कंबर दुखायची थांबली. किती वर्षांनी, आक्का.

१४ डिसेंबर

आज हाक मारली नव्हती. खाटेवर पडलो होतो. दोन्ही पाय दिले तिनं. आता गुडघेही दुखत नाहीत. गाढ झोपलो.

१६ डिसेंबर

मालुबाईंनी विचारलं, कोण तुडवतंय. पाठीवर बाईमाणसाच्या टाचांचे वण आहेत म्हणे. मी कुणी नाही म्हटलं. त्यांनी कंबर दाबली, दुखली नाही. टाचणी टोचली, तीही कळली नाही. त्यांचा चेहरा उतरला. मोठे डॉक्टर वीस तारखेला परततील, त्यांना घेऊनच येते म्हणाल्या.

दुखत नाही तिथं मीच नाही, आक्का.

१८ डिसेंबर

पाय उचलत नाहीत. नागुबाईला विचारलं, हिला परत कशी पाठवायची. म्हणाली, बोलवायचं ठावं हाय, उतरवायचं न्हाय. जित्ती हुती तवा आपसूक उतरायची. मग पिशवी भरून नंदगडला बहिणीकडं गेली. दार ओढून—

१९ डिसेंबर

खांद्यावर उभी आहे. उजवा हात तेवढा माझा. मान अजून दुखते — दुखू दे — दुखतेय तोवर —

२०

मालुबाई आल्या की वही त्यांच्या हाती — भीमसेनला सांग, सोंग नव्हतं. तुमच्या गल्लीत कुणी म्हातारी पायाळू असेल तर विचार, काय म्हटलं की उतरतात. लवकर कळव, आक्का. लवकर. मान दुखायची थां—