छातीवरची लाल दोरी

४ मार्च

भीती वाटते. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

आज कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. गेलो म्हणजे काय, हिने धरून नेलं. शर्ट काढायला लावला. बायपासला दोन वर्षं झाली, पण जिथे शिवलं तिथे गळ्याखालपासून पोटाच्या वरपर्यंत लाल दोरी चिकटवल्यासारखा व्रण उभा आहे. खाजतो. बनियन घासलं तरी आग होते. आणि मधूनच सुई खुपसल्यासारखी अशी कळ येते, की हातातलं काम तिथेच राहतं.

"यावर लेझर करू या," बाई म्हणाल्या. इतक्या सहज, जणू केसच कापायचेत.

अहो, त्याच्या खाली लगेच हृदय आहे! एवढा खटाटोप करून दुरुस्त केलेलं.

५ मार्च

त्या काय म्हणाल्या ते आठवून लिहितो. लिहिलं की भीती कमी होते म्हणतात, बघू.

जखम भरली की अंगाने थांबायचं असतं. माझं अंग थांबलंच नाही, भरतच राहिलं. त्या वाढीव भागात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या पसरल्या आणि त्यांच्यावर हा व्रण पोसतोय. म्हणून तो लाल. लेझरचा उजेड असा निवडलेला असतो की रक्तातला लाल रंगच तो जास्त करून ओढून घेतो. रक्त तापतं, वाहिनी मिटते, व्रणाची रसद तुटते. मग तो हळूहळू बसतो. एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं.

"आणि हृदय?" मी विचारलंच.

"काका, उजेड कातडीतच अडतो. हृदयाला पत्तासुद्धा लागणार नाही."

हे मला पटायला हवं. जन्म गेला लाँड्रीत डाग काढण्यात. शाईला एक औषध, तेलाला दुसरं. डाग गेला पाहिजे आणि कापड राहिलं पाहिजे, हीच तर सगळी विद्या. पटलंही. भीती मात्र जागची हलली नाही.

११ मार्च

आमचा इस्त्रीवाला म्हणतो, "काका, लोकांचे डाग काढता काढता एक तुमच्यावरच चढला की." हसलो. हसल्यावर ओढ बसते, तरी हसलो.

दुपारी कळ आली. टेबल धरून उभा राहिलो. त्याचं तोंड उतरलं. "छातीत?"

"व्रण रे," मी म्हटलं.

हीसुद्धा विचारते, कुठे दुखतंय? मी व्रणावर बोट ठेवतो, की तिचं समाधान होतं. खरं सांगायचं तर कळ वरून येते की आतून, ते माझं मलाच कळत नाही. व्रण आहे तोवर त्याच्यावर ढकलता येतं. आणि लेझरने हा गप्प झाला आणि तरीही कळ आली, तर? मग कुणावर ढकलू?

आली का खरी भीती बाहेर. उजेडाबिजेडाची नव्हतीच ती.

१८ मार्च

मी हट्ट धरला — आधी खालच्या टोकाला, एवढ्याशा जागेत करून बघा. नवं औषध आम्ही आधी आतल्या शिवणीला लावतो, जिथे कुणाला दिसत नाही. मग बाकी कापड. मला वाटलं बाई हसतील.

"तेच करणार होते," त्या म्हणाल्या. "सावळ्या कातडीचा रंगही थोडा उजेड ओढतो. सांभाळून करावं लागतं, नाहीतर डाग पडतो."

म्हणजे कापडपण औषध पितं! हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?

डोळ्यांवर काळ्या वाट्या बसवल्या. काही दिसेना. थंड फवारा, आणि लगेच ताणलेलं रबर सोडल्यासारखा फटका. टक. केस करपल्याचा वास. तो वास माझ्याच छातीचा, हे कळायला क्षण लागला. बाहेर आल्यावर ही आपली बोटं चोळत होती. मी दाबली होती म्हणे.

२ एप्रिल

टोक किंचित बसलंय. की माझ्या मनाचे खेळ?

१० एप्रिल

आज पूर्ण व्रणावर केलं. शिवाय व्रणात इंजेक्शनंही दिली, कडक झालेला भाग मऊ व्हावा म्हणून. त्यापुढे लेझर परवडलं. ओरडलो नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं. वाट्यांमुळे कुणाला दिसलं नाही, तेवढीच अब्रू राहिली.

११ एप्रिल

जांभळा झालाय! वरपासून खालपर्यंत जांभळे गोल ठिपके. बाईंनी सांगितलं होतं, जांभळं होईल, आठ-दहा दिवसांत जाईल, हात लावू नका. ऐकलं होतं मी. पण डोळ्यांनी बघितल्यावर धाबं दणाणलं. आमच्याकडे औषध लावल्यावर कापडाचा रंग बदलला, की एक मिनिट दवडायचं नाही. औषधाचा जोर मारायचा, नाहीतर कापड गेलं.

विनेगरच्या पाण्यात पट्टी भिजवून ठेवली. थोडी चुरचुरते. कापडावर तरी अशीच लागू पडते.

१२ एप्रिल

फोड आलेत.

हिला सकाळीच वास आला. "अहो, मुरत घातलंय की काय स्वतःला?" आधी हसत होती. मग बटणं उघडून बघितलं आणि पलंगावर बसूनच राहिली. "माणूस आहात तुम्ही," म्हणाली. "शर्ट नाही."

दिवसभर औषधाच्या वेळा तेवढ्या सांगितल्या, त्याही भिंतीकडे बघून.

१५ एप्रिल

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मलम दिलं. "काका, कापड स्वतः भरून येत नाही, म्हणून तुम्हाला घाई करावी लागते. कातडी येते. तिला येऊ द्या." कडेने काळसर डाग काही महिने राहील. डाग काढणाऱ्याच्या छातीवर, त्याच्याच हाताने पाडलेला. इस्त्रीवाल्याला कळू देणार नाही.

पुढचं लेझर दोन महिन्यांनी. तोंड पाडून बसलो होतो खरा, पण आतून बरं वाटलं. लाज वाटते लिहायला. दोन महिने व्रण दुखत राहील, आणि बोट ठेवायला जागा राहील.

२० जून

दुसऱ्यांदा केलं. या वेळी जांभळ्याकडे बघितलंच नाही. हिने आरशावर टॉवेल टाकून ठेवलाय.

२ ऑगस्ट

तिसऱ्यांदा झालं. दोरी आता दोरी राहिली नाही. रंग उतरलाय, मऊ झालीय. खाज नाही. बनियनचं भान राहत नाही. काल किती महिन्यांनी पालथा झोपलो.

कळ नाही. रोज वाट बघतो तिची, चोराची बघावी तशी.

१४ सप्टेंबर

लेक आली होती, नातीला घेऊन. पोरगी दोन वर्षं दारातूनच विचारायची, "आजोबांना लागेल?" आज मीच हाक मारली. छातीवर चढली, कान लावला. "आजोबा, आत कुणीतरी चालतंय."

"चालू दे," म्हटलं. तशीच झोपली. जड लागत होती, हललो नाही.

कळ आलीच नाही. म्हणजे सगळं व्रणाचंच होतं! उगाच दोन वर्षं मरत होतो. जीव भांड्यात पडला. त्या भरात हिला सगळं सांगून टाकलं, कशाची भीती होती ते.

"मला काय माहीत नव्हतं?" ही म्हणाली. "बोट ठेवायच्या आधी दर वेळी थांबायचात तुम्ही." मग भाजी चिरता चिरताच म्हणाली, "यापुढे कधी टोचलं तर बोट दाखवायचं नाही. मला हाक मारायची."

बरं म्हटलं.

२१ सप्टेंबर

कामाला निघताना बूट घालायला वाकलो आणि आली. व्रण गार, मऊ, गप्प. पुन्हा आली. या वेळी डाव्या हातात उतरली. ही खाली गाडी थांबवायला गेलीय, तेवढ्यात लिहितो.

बोट ठेवलं नाही. हाक मारली.