अर्धी हजामत आणि माजी मंत्र्यांचा खटला

तीर्थरूप आक्का,

वाकून नमस्कार. टोपी काढलेली नाही, पण उद्धटपणा समजू नकोस, कारण खाली येतंय. टाकोराडीची हवा गुडघ्यांना मानवली का? दाजी अजून मासे खातात ना, की डॉक्टरचंच ऐकतात?

इकडे एल्मिनात मी सोडून सगळे मजेत. आपले माजी मत्स्यमंत्री कोर्टात उभे आहेत हे तुला ठाऊकच आहे (कोळ्यांच्या होड्यांसाठी आलेली इंजिनं गायब केल्याचा आरोप). मी वकिली कधीच सोडली, पण रेडिओवाले म्हणाले, "साहेब, खटला जरा सोप्या भाषेत समजावून सांगा." मीही शहाणा, गेलो! पहिल्या अर्ध्या भागात सांगितलं की सरकारचा खटला म्हणजे नुसती चाळण आहे. आरोपपत्रात चोरीची जी तारीख आहे, त्या दिवशी इंजिनांचं जहाज बंदरालाच लागलं नव्हतं. दुसऱ्या भागात सांगितलं की खटला लंगडा म्हणून माणूस सोवळा ठरत नाही. इंजिनं गेली कुठे, हे मंत्र्यांनी सांगायलाच हवं.

घात असा झाला की हे रेडिओवर पुन्हा ऐकवलं, तेव्हा मी बेंटसिलच्या खुर्चीत. बेंटसिल म्हणजे आपल्या अराबाचा होणारा सासरा, धंद्याने न्हावी आणि माजी मंत्र्यांचा कट्टर भक्त. (शनिवारी तो मुलासाठी आपलं दार वाजवायला, म्हणजे रीतसर मागणी घालायला येणार. चार पाहुण्यांत मुलीच्या बापाचं डोकं नीट दिसावं, म्हणून तर गेलो होतो.) पहिला भाग चालू असताना त्याने माझ्या टाळूचा मुका घेतला, माझ्यासाठी मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेली मासळी मागवली, "व्याही असावा तर असा!" म्हणून गिऱ्हाइकांना ऐकवलं. दुसरा भाग सुरू झाला आणि डोक्यावरचं मशीन थांबलं. हातातली मासळी काढून घेतली गं आक्का, अर्धी खाल्लेली! म्हणाला, "उठा वकीलसाहेब. शनिवारी वाट बघू नका."

समोरचा न्हावी सत्ताधारी पक्षाचा. तसाच त्याच्याकडे धावलो. त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली. "दुसरा भाग झकास बोललात. पहिल्याची माफी मागा, मग वस्तरा लावतो."

घरी अराबा रडून लाल. "बाबा, अर्धंच बोलून उठला असतात तर काय बिघडलं असतं?" तिचं तोंड बघवत नाही. तेव्हा शनिवारच्या आत ये आणि तूच त्या बेंटसिलची समजूत घाल.

तुझा,
एबो

ता. क. पाकीट चिकटवणार तोच बातमी आली. माजी मंत्री सत्ताधारी पक्षात गेले, खटला मागे! दोन्ही न्हावी एका बाकावर बसलेत आणि आता शिव्या कुणाला द्यायच्या याचा विचार करतायत. बेंटसिल येऊन गेला. "झालं गेलं विसरा. शनिवारी मागणीच्या दारूच्या, श्नॅप्सच्या बाटल्या घेऊन येतो, डोकंही पुरं करतो. फक्त आता गप्प बसा म्हणजे झालं."

आणखी एक. रेडिओवाल्यांनी शुक्रवारी परत बोलावलंय, खटला मागे का घेतला ते सोप्या भाषेत सांगायला. मी हो म्हटलं. अराबाला भीत भीत सांगितलं. पोरीने माझ्या अर्ध्या डोक्याकडे बघितलं. मग म्हणाली, "लग्न मला बेंटसिलकाकांच्या मुलाशी करायचंय, त्यांच्याशी नाही. इंजिनांचंही विचारा बाबा, कोळी अजून वल्हीच मारतायत. आणि आत्याला लिहा, येताना केस कापायचं मशीन आण."