असुराला फूल

अष्टमी, बेहाला

आज दुर्गापूजेच्या मंडपात आमच्या वॉर्डातून निवडणूक लढवणाऱ्या उमेदवाराने कागद न बघता देवीचं स्तोत्र म्हटलं. काय आवाज! माझे हात आपोआप जुळले. मग त्याच आवाजात तो म्हणाला, "असुर आपल्या वॉर्डातही आहे. मतदानाला त्याचा वध करा!" टाळ्यांचा कडकडाट. माझे हात अजून जुळलेलेच. मी नमस्कार नक्की कुणाला करत होते?

तेवढ्यात शेजारच्या ऐंशी वर्षांच्या मित्रा मावशी काठी टेकत पुढे गेल्या. बंगालीत म्हणाल्या, "बाळा, आम्ही असुराचीही पूजा करतो. त्याला फूल वाहिलंस?"

उमेदवाराने वाकून देवीच्या मूर्तीखालच्या असुराच्या पायाशी झेंडू ठेवला. भक्तीने की मतांसाठी, देवीला ठाऊक. पुढे मात्र त्याला भाषण सुचलंच नाही.