मिशीवाल्या माशांची वाळू

प्रिय शिवू,

हे पत्र तुझ्या लॅबच्या पत्त्यावर पाठवतोय, सासरच्या नाही. फोनवर बोलताना तुझ्यामागचा भांड्यांचा आवाज एकदम थांबतो, कुणीतरी कान देऊन उभं असतं, आणि तू "सगळं मजेत, नाना" म्हणून ठेवून देतेस. मलाही फोनवर नीट बोलता येत नाही. अठ्ठावीस वर्षं इरोडच्या दुकानात सोनं गाळण्यात गेली, तेव्हा तुला विट्याला पत्रंच लिहायचो. तेवढंच काय ते जमायचं.

आधी कबुली देतो. तुझे मिशीवाले मासे आता सहा नाहीत, पाच आहेत. दर रविवारी मी "सहाच्या सहा मजेत" सांगत आलो, ते खोटं होतं.

झालं असं की, उन्हाळ्यात टाकीतली जुनी वाळू काळी पडून वास मारायला लागली. लग्न करून साताऱ्याला जाताना तू सगळं वहीत लिहून दिलं होतंस. खाणं किती, पाणी कधी बदलायचं. पण वाळू बदलायची झाली तर कुठली घ्यायची, ते त्यात नव्हतं. तुला विचारावं म्हटलं, तर तुझे फोन तोवर दोन मिनिटांवर आले होते. शेजारी जोतीरामच्या बांधकामावर क्रश सँडचा ढीग पडला होता. दिसायला अगदी स्वच्छ. एक घमेलं आणलं, धुतलं, अंथरलं. फोटोत टाकी उजळ दिसेल, पोरीला बरं वाटेल, एवढंच मनात होतं.

महिन्याभरात मासे तळाला तोंड लावेनासे झाले. कोपऱ्यात नुसते पंख हलवत थांबायचे. तुझी आई म्हणाली, "आवं, ह्यांच्या मिश्या कुठं गेल्या?" चष्मा लावून पाहिलं, तर दोघांच्या मिश्यांचे खुंट राहिलेले आणि तोंडाशी लालसर झालेलं. मी म्हणालो, नवी जागा आहे, रुळतील. चौथ्या दिवशी एक पोट वर करून तरंगत होता. आईला न सांगता मी त्याला पेरूखाली पुरला, आणि त्याच रविवारी तुझ्याशी खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी त्या वाळूची पुडी खिशात टाकून पहिली एसटी धरली आणि सांगलीला शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार तुझ्याच वयाचा असेल, मल्हार नाव त्याचं. त्यानं पुडीतली चिमूट माझ्याच गालावर हलकेच घासली आणि विचारलं, "काका, टोचतंय का?" टोचत होतंच. "हे मासं दिसभर ह्यातच तोंड घालून, वाळू चाळून खात्यात. दगड फोडून केल्याली वाळू ही, हिच्या कडा काचंगत. मिश्या झिजणार, मग तिथं जखम सडणार." मिश्या परत येतील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मूळ शाबूत असलं तर येत्यात. पण आधी ती वाळू काढा. आजच."

त्याच्याकडची वाळू संपली होती. बारीक, गोल दाण्याची, बोटांत गुळगुळीत लागणारी बघा, असं त्यानं सांगितलं, आणि चुना असलेली घेऊ नका, पाणी बिघडतं. घरी येऊन सगळी वाळू उपसली. मासे उघड्या काचेवर बिचकून एकमेकांना चिकटून बसले. मी येरळेच्या पात्रातून वाळू आणली. हाताला तर मऊ लागत होती. पण मन मानेना, म्हणून जुन्या पेटीतलं तेजाब काढलं आणि अंगणात बशीभर कोरड्या वाळूवर चार थेंब सोडले. फस्सकन फेस आला. सगळीकडं चुना. आयुष्यभर तेजाबानं सोन्यातली भेसळ शोधली, आता वाळूतली शोधत बसलोय, असं वाटून हसूही आलं नाही.

पुन्हा सांगलीला गेलो, तर माल आला नव्हता. तिसऱ्या खेपेला मिळाली. तिच्यावरही तेजाब टाकून पाहिलं, काही झालं नाही. मग परातीत घेऊन पाणी नितळ येईस्तोवर धुतली. दुकानातला केर धुऊन सोन्याचे कण काढायचो, तसंच सावकाश. दोन बोटं जाडीचा थर दिला. त्यानंतर रोज सकाळी उठलो की तोंड धुवायच्या आधी स्टुलावर बसून मासे मोजायचो. पाच भरले की मगच उठायचो.

आठव्या दिवशी सगळ्यात धाकट्यानं डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसलं आणि कल्ल्यांतून वाळू बाहेर सोडली. मी ओरडूनच तुझ्या आईला बोलावलं. ती पाहत उभी राहिली, पण हसली नाही. म्हणाली, "माशांसाठी तीनदा सांगलीला गेला. साताऱ्याला कवा जाणार?" आणि आत निघून गेली.

जूनमध्ये तू लॅबमधून फोन केला होतास. "नाना, मला तिकडं यायचंय. कायमचं," म्हणालीस. मी का ते विचारलंसुद्धा नाही. दोन वर्षं तर झालीत, होईल सवय, असं म्हणून दारात कुणी आल्याचं निमित्त केलं आणि फोन ठेवला. दारात कुणी नव्हतं. लोक काय म्हणतील, ह्या भीतीनं मी ठेवला. त्यानंतर तू पुन्हा तो विषय काढला नाहीस, आणि मीही काढला नाही. येत्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला मी आणि आई गाडी करून तुझ्या दारात येतोय. तुझी सर्टिफिकेटं आणि नोकरीचे कागद पर्समध्ये ठेव. तुझ्या सासऱ्यांपुढं काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही, पण बसेन मी तिथं. निघायचं की नाही, ते तू ठरवायचं. नाही म्हणालीस तर चहा घेऊन परत जाऊ, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा येऊ.

तुझाच,
नाना