सिस्टर सुगुणा यांची बदली रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
शासकीय रुग्णालय, पेद्दचेरू, जि. जगित्याल.

विषय : माझीच तक्रार मागे घेऊन सिस्टर सुगुणा यांची बदली रद्द होण्याबाबत.
संदर्भ : माझा दि. ३ जूनचा तक्रार अर्ज (पाने चार).

महोदय,

मी कोंडूरी वीरभद्रय्या, वय ६१, तहसील कचेरीसमोर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. अठ्ठावीस वर्षांत माझ्या अर्जांवर सहसा कार्यवाही झालेली नाही. उपरोक्त अर्जावर मात्र आपण नऊ दिवसांत केली, याचे मला अतीव दुःख आहे.

१) सिस्टर सुगुणा दर शुक्रवारी आम्हा इन्सुलिनवाल्यांना साखर एकाएकी उतरली तर काय करावे ते शिकवत. घाम, थरथर, भूक, चिडचिड ही लक्षणे मोठ्याने म्हणून घेत आणि खिशात साखरेची पुडी आहे का ते बघत. मी म्हणालो, "साखरेच्या रोग्याला साखर बाळगायला लावता? उद्या मिठाईचं दुकान काढून द्याल!" त्या म्हणाल्या, "आधी पुडी दाखवा सारू, दुकानाचं मग बघू." वर्ग हसला. तेवढ्यावरून मी 'ज्येष्ठ नागरिकाचा जाहीर उपमर्द' या शब्दांत चार पाने भरली.

२) दि. १९ जून रोजी सकाळी इन्सुलिन टोचले आणि इडलीला हात घालणार तोच एल्लव्वा नावाची म्हातारी आपल्या वृद्धापकाळाच्या पेन्शनचा अर्ज लिहून घ्यायला आली. इडली राहिली. अकराच्या सुमारास मी तिच्या अर्जात 'अर्जदार तीन वर्षांपूर्वी मयत असून पेन्शन चालू ठेवावी' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. कचेरीतल्या कारकुनाने ते वाचून दाखवताच मी त्याच्यावरच ओरडलो. सदरा घामाने भिजला होता, पाय लटपटत होते. लोक म्हणाले, "अर्जवाल्या पंतुलूंनी सकाळीच ताडी ढोसली!" एल्लव्वा रडत होती, "अरे, मी जिवंत आहे रे!"

३) त्याच वेळी सिस्टर सुगुणा चिंचेखाली आल्या. बदलीच्या गावी मुलीला शाळेत घालण्यासाठी त्यांना अर्ज लिहून हवा होता. त्यांनी पिशवीतले यंत्र माझ्या बोटाला लावले. साखर ४८. "शुद्धीत आहे, गिळता येतंय," असे म्हणून त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पुढे केली. मी किंचाळलो, "साखर नको! मला मधुमेह आहे!" त्या म्हणाल्या, "हे तक्रारीच्या तिसऱ्या पानावर वाचलंय मी. अक्षर छान आहे तुमचं. प्या आता."

प्यायलो. पंधरा मिनिटे त्या घड्याळ धरून शेजारी बसल्या. पुन्हा तपासले, ८४. मग समोर बसवून इडली खायला लावली. माझ्या तोंडून माफी निघेना, म्हणून मी त्यांच्या मुलीचा अर्ज लिहायला घेतला. दोनदा फाडला, तिसरा दिला.

४) त्या गेल्यापासून वर्ग बंद आहे. गेल्या शुक्रवारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात तो मीच घेतला. अकरा जण आले. लक्षणे सांगताना मी 'चिडचिड' या एका शब्दावर अर्धा तास बोललो. एल्लव्वाचा नवराही इन्सुलिनवर असल्याने ती पुढेच बसली होती. ती उठून म्हणाली, "त्या पोरीला परत आणा. हा फार बोलतो, आणि ह्याच्याच खिशात पुडी नाही."

झडती घेतली असता ते खरे निघाले.

तरी वर्गाच्या हितासाठी सिस्टरना परत पाठवावे व मला शेवटच्या बाकावर बसण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपला, या खेपेस मनापासून नम्र,
कोंडूरी वीरभद्रय्या
दि. १ जुलै

सोबत : वर्गातील अकरा जणांच्या सह्या व अंगठे. (एल्लव्वाचा अंगठा जिवंतपणी घेतलेला आहे.)