चाकाखालचा दगड

रविवार, संध्याकाळ. बजाजनगर.

खुलताबादच्या घाटात चहाला थांबलो होतो. निघताना यांनी चाकाखालचा दगड आधीच कडेला टाकला, मागच्या गाड्यांना आडवा येऊ नये म्हणून. मग चहाचे पैसे द्यायला गेले. मी टेम्पोतल्या आमच्या फिरत्या घरात भांडी आवरत होते. हे दिसेनात म्हणून आमचा कुत्रा, मोती, ड्रायव्हरच्या सीटवर चढला. पाय पडून गिअर सुटला. गाडी मागं सरकली, थेट कठड्याला टेकून थांबली. हँडब्रेक? दगड आहे म्हणून ओढलाच नव्हता.

घरी आल्यावर हे म्हणाले, "मोतीला आता न्यायचंच नाय."

मी व्हय म्हटलं. दगड काय मोतीनं काढला होता?

आता खाली, सपाट अंगणात, हे चाकाला दगड लावतायत. मोती शेजारी बसून बघतोय.