फुली जिथे थांबली

किंबा, ९ मार्च २०१९

चि. रोवन यास,
अ. उ. आ. आशीर्वाद देण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही, पण तू तिथे आहेस तोवर मोठ्या बहिणीचा मान पुरेपूर वसूल करणार आहे.

वि. वि. फोनची दहा मिनिटं तुझ्या ‘ठीक आहे, ठीक आहे’मध्येच संपतात. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. पोस्टात नोकरी करून भावाला पत्र न लिहिणारी बहीण मीच असेन.

बाबांचं तेच चाललंय. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, माझ्या नावाऐवजी आईचं नाव घेतात. तुझ्यावरचा राग मात्र पक्का लक्षात आहे. रविवारी चर्चमध्ये पाद्रींनी तुझी चौकशी केली, तर सगळ्यांसमोर म्हणाले की मला मुलगा नाही, ज्याने माझ्या मर्वला गाडीखाली घेतलं तो माझा कोणी नाही. डॉटकाकू शेजारीच होती. नवरा तिचा गेला, पण खाली मान घातली मी. साठ वर्षांचा दोस्त गेल्यावर माणूस असं बोलणारच, हे मला कळतं. तुझी साडेतीन वर्षांची शिक्षा त्यांना कमीच वाटते.

दुसरी बातमी. शेहेचाळीस डिग्रीच्या उन्हात माझ्या जुन्या गेमच्या डब्याने राम म्हटला. आता तुझ्या खोलीत, तुझ्या कॉम्प्युटरवर, तुझा माउस आणि कीबोर्ड घेऊन बसते. डाव्या हाताने टायपिस्ट आणि उजव्या हाताने इस्त्रीवाली! याला तू नेमबाजी म्हणतोस? काल एका भिंतीवर चाळीस गोळ्या झाडल्या. भिंतीला काही झालं नाही.

तब्येत सांभाळ. लोभ असू दे, भांडण आहेच.

तुझी ताई,
हायडी

———

युनिट ४, २१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकीट फोडून देतात, वाचतात की नाही माहीत नाही. तेवढं जपून लिही.

तुला आनंद होईल अशी बातमी आहे. इथल्या हॉलमध्ये एक जुनाट व्हिडिओ गेम आहे आणि त्याला दोन्ही अंगठ्यांनी खेळायचे दोन पॅड, तेही साखळीने टेबलाला बांधलेले. माउस नाही, कीबोर्ड नाही. म्हणजे अख्खा जन्म तुझ्या ज्या पॅडला मी साबणाची वडी म्हणत आलो, ती वडी आता माझ्या नशिबी आली आहे. गुरू म्हणून डॅरिल भेटलाय, मेंढ्यांची लोकर कातरणारा, अंगठे सॉसेजएवढे. तो मला रोज सोलतो आणि म्हणतो की माझे हात परक्या घरी जेवायला आल्यासारखे वागतात.

खरं सांगू? मागे वळणंच जमत नाही. माउस असला की मनगट झटकलं आणि वळलो. पॅडवर अंगठा दाबून धरायचा आणि जग सावकाश फिरायची वाट बघायची. तोवर मागून गोळी आलेली असते. आणि निशाण्याजवळ पोचलं की गेम स्वतःच पडद्यावरची नेमाची फुली थोडी ओढून नेतो, आजीने बोट धरून रस्ता ओलांडून दिल्यासारखी. मला त्याची लाज वाटते, डॅरिलला नाही.

साडेचारला दार बंद होतं, ते सकाळी साडेसातला उघडतं. खिडकीतून भिंत दिसते. त्या वेळात उजवा हात आपोआप चादरीवर सरकत राहतो. हात मूर्ख असतो, त्याला शिक्षा झाल्याचं कोणी सांगितलेलं नाही.

बाबांना रागावू दे. त्यांच्याशी वाद घालू नकोस. गाडीच्या चाव्या त्यांच्या हाताला लागत नाहीत ना, एवढं बघ.

लोभ आहेच, तो पॅडवर ठेवू नकोस, माझ्यावर ठेव.

तुझा,
रोवन

———

किंबा, ६ एप्रिल

चि. रोवन यास,
अ. उ. आ. वि. वि.

साखळीने बांधलेल्या पॅडचं वाचून आधी हसले, मग पोस्टाच्या मागच्या खोलीत जाऊन रडले. दोन्ही झालं, आता कामाचं.

तुझी माउसची खोड शिकायची म्हणून तुझे जुने सामने बघत होते. तो गेम प्रत्येक सामना आपोआप साठवून ठेवतो हे मला माहीतच नव्हतं. तारीख आणि वेळेसकट. त्यात एक सामना गेल्या वर्षीच्या १४ जूनचा आहे. सुरुवात पाच वाजून दोन मिनिटं, शेवट पाच पंचेचाळीस.

१४ जून कुठला दिवस, ते तुला सांगायला नको. धान्याच्या सायलोवरच्या माणसाने पाच वीसला धडक ऐकली, कोणी गेट आपटलं असं त्याला वाटलं. कोर्टात हेच सांगितलं गेलं. तू त्या वेळी आपली पिकअप चालवत होतास, हेही सांगितलं गेलं, आणि ते तूच सांगितलंस.

मग घरी तुझ्या खुर्चीत कोण बसलं होतं? मी पोस्टात होते.

उत्तर लवकर धाड. लोभ आहे, धीर नाही.

तुझी ताई,
हायडी

———

युनिट ४, १५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्यात काही नाही. बाबा होते. त्यांना करमायचं नाही म्हणून मी कधीकधी त्यांच्या हातात तुझा जुना पॅड देऊन बसवायचो. त्या दिवशीही तसंच बसवून बाहेर पडलो होतो. तो पॅडवर खेळलेला सामना आहे, कोणालाही कळेल.

ते पुसून टाक. जागा उगाच अडते.

इथे सगळं ठीक. डॅरिल सुटला. आता मीच गुरू.

लोभ असावा.

रोवन

———

किंबा, २३ एप्रिल

रोवन,

आशीर्वाद नंतर. आधी ऐक.

खोटं बोलायचं तर माउसबद्दल बोलायचंस, मी फसले असते. पॅडवाल्या बहिणीशी पॅडबद्दल खोटं बोलायला तुझी जीभ कशी वळली? वीस वर्षं माझे अंगठे त्यावर झिजलेत. पॅडवर वळणं म्हणजे मागे पेरणीयंत्र जोडलेला ट्रॅक्टर बांधाला वळवणं; एका चालीने, सावकाश. आणि या सामन्यात? दार आलं की खेळणारा झटकन मागे बघतो आणि पापणी लवायच्या आत पुन्हा पुढे. दर दाराला. ही खोड जगात एकाच माणसाची आहे, त्यावरून मी त्याला लहानपणी भित्री भागूबाई म्हणायचे. फुली माणसाजवळ गेली तरी तिला कोणी ओढत नाही, ती स्वतः जाऊन बसते. तो माउस आहे. तो तू आहेस.

आणि पुढचं मी अकरा वेळा बघितलं. पाच चौतीसला तू एका जिन्याच्या तोंडाशी थांबतोस. फुली समोरच्या भिंतीवर थांबते आणि तिथून हलतच नाही. तुझे साथीदार ओरडत असतील. मग कोणीतरी आरामात चालत येतो आणि तुला मारतो. तू पुन्हा उभा राहतोस, पुन्हा मारतात. पंचेचाळीसपर्यंत तेच. माउसला हात लावायला कोणी नाही.

पाच चौतीसला तुझ्या खोलीत कोण आलं, रोवन?

जपून लिही म्हणालास. नाही लिहीत. पाकीट फोडणाऱ्याने वाचायचं तर वाचू दे, चष्मा लावून वाचू दे.

हायडी

———

युनिट ४, ४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हरलो. पॅडने नव्हे, पॅडवालीने मारलं.

बाबा आले. दारात उभे राहिले, टोपी काढली, जेवायला काय आहे विचारलं. मग सहज म्हणाले की सायलोच्या वळणावर बहुतेक कांगारू लागला, दिवा फुटलाय, उद्या बघ. मी बाहेर जाऊन बघितलं. दिव्यात कांगारूचे केस नव्हते, लोकरीच्या टोपीचा धागा होता. मर्वकाकांची टोपी, डॉटकाकूने विणलेली.

तसाच पिकअप घेऊन गेलो. ते सायकलखाली पडले होते. हात गरम होता, बाकी काही उरलं नव्हतं. पाच बावन्नला अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. पोलीस आले तेव्हा मी तिथे, गाडी तिथे. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. एवढंच. धडकेनंतर अर्धा तास गप्प बसलो म्हणून जजसाहेबांनी वर्ष वाढवलं, ते तुला आठवत असेल. दुसऱ्या दिवशी बाबांनी मलाच विचारलं की मर्व कसा गेला. त्यांच्या डोक्यात काही उरलंच नव्हतं, ताई.

आता तू म्हणशील, मूर्खा, का? तर ऐक. डॉक्टरांनी बाबांची गाडी बंद केली तेव्हा आपण काय ठरवलं होतं? तू पोस्टात असलीस की चाव्या माझ्या खिशात. त्या दिवशी खेळताना मांडीला टोचत होत्या म्हणून काढून ओट्यावर ठेवल्या. एक सामना संपला की उचलू म्हटलं. म्हणून मी कोर्टात जे बोललो ते मला कधी पुरतं खोटं वाटलंच नाही.

पण महात्मा समजू नकोस. इथे जीव घुसमटतो. बाहेर येण्यासाठी मी बापाला आत ढकलू शकत नाही, आणि आत राहून रोज ऐकतो की तो मला मुलगा मानत नाही. दोन्हीकडे भिंत. तू काही बोलू नकोस, एवढं कर.

लोभ असू दे, त्याचीच ऊब आहे.

तुझा,
रोवन

———

किंबा, १९ मे

चि. रोवन यास,
अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

गेल्या शनिवारपर्यंत मी कोणाला बोलले नव्हते, बाबांनाही नाही. तू लिहिलंस ते पडताळावं म्हणून गेल्या रविवारी सामना पुन्हा लावला. बाबा हातात चहा घेऊन मागे येऊन कधी उभे राहिले, मला कळलं नाही. पडद्यावर तू थांबलास, फुली भिंतीवर थांबली. आणि बाबा अगदी शांतपणे म्हणाले की इथेच मी आत आलो. मग चहा खाली ठेवला, ओट्याकडे बघितलं, चाव्या कुठे आहेत विचारलं, आणि म्हणाले की तो कांगारू नव्हता. नंतर कागद मागितला. सोबत त्याची झेरॉक्स धाडते आहे, शब्द त्यांचेच, मी एक अक्षर सांगितलेलं नाही.

चि. रोवन यास, अ. उ. आ. आज डोकं जागेवर आहे तोवर लिहितो. १२ मे. मर्वला मी मारलं. गाडी मी चालवत होतो. मी थांबलो नाही. घरी येऊन जेवण मागितलं. मुलगा घरीच खेळत बसला होता, गाडीत नव्हता. हे ज्याला दाखवायचं त्याला दाखव. हायडी म्हणते की मी तुला मुलगा म्हणत नाही. असं म्हणत असेन तर मी गाढव आहे. उद्या मी हे विसरेन. विसरून पुन्हा तसं बोललो तर हा कागद माझ्या नाकासमोर धरा. तुझा बाप, क्लेमेंट नॉस्के.

बुधवारपर्यंत त्यांच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं. नाश्त्याला पुन्हा तुला शिव्या सुरू झाल्या, म्हणून त्यांच्याच हुकुमाने कागद त्यांच्यासमोर धरला. रोवन, मी ते पुन्हा बघू शकणार नाही. मर्वकाका त्याच क्षणी गेल्यासारखे ते कोसळले. एका पायात बूट घालून डॉटकाकूकडे निघाले, माफी मागायला. मी मागोमाग धावले. रस्ता ओलांडेपर्यंत का निघालो ते विसरले, आणि तिच्या दारात उभं राहून विचारलं की मर्व आहे का घरात.

डॉटकाकूला मी आदल्याच दिवशी कागद दाखवून सगळं सांगितलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आणि म्हणाली की सायलोवर गेलाय, क्लेम, येईल इतक्यात, तू आत ये, केक आहे. बाबांनी दोन तुकडे खाल्ले.

आता सांग, मी काय करू? कागद दाखवला तर रोज सकाळी त्यांच्या हातून मर्वकाका मरतात. नाही दाखवला तर तू त्यांचा कोणी नाहीस. शुक्रवारी तुझ्या वकीलबाईंना विचारलं, त्या म्हणतात की कागद, सामना आणि माझा जबाब मिळून खटला पुन्हा उघडेल. बाबांना या अवस्थेत तुरुंगात कोणी घालणार नाही. तुझ्यावर खोट्या जबाबाचा ठपका येईल, पण त्यातून सुटशील. महिने लागतील. पण तू हो म्हणायला हवंस.

लोभ आहे, उत्तराकडे डोळे आहेत.

तुझी ताई,
हायडी

———

युनिट ४, २ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद पाचशे वेळा वाचला. ‘तुझा बाप’ या दोन शब्दांवर बोट ठेवून झोपलो.

हो. वकीलबाईंना सगळं दे. सामनाही दे, आणि पॅड कोणता, माउस कोणता, हे कोर्टात तूच समजावून सांग. जन्मभर मी ऐकलं नाही, आता जजसाहेब ऐकतील. मला घरी यायचंय, ताई. मला माझा माउस हवाय, माझी खुर्ची हवी, आणि मागे बघायचं तर झटकन बघता यायला हवं.

पण बाबांना तो कागद पुन्हा दाखवू नकोस. दोस्त एकदा मेला तेवढं पुरे. ज्या बाईचा नवरा गेला ती त्यांच्यासाठी खोटं बोलून केक वाढते, तर ज्याचा बाप जिवंत आहे त्याला चार शिव्या जड होऊ नयेत. मी आलो की ते दारातच म्हणतील, चालता हो. मी मागच्या दाराने येईन. त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या हातात एक पॅड देईन, एक मी घेईन. नाव विचारलं तर काहीतरी दुसरं सांगेन. पॅडवर मला हरवायला त्यांना मी कोण ते माहीत असायची गरज नाही.

लोभ आहेच, तो आता घरीच ठेव, मी येऊन घेतो.

तुझा,
रोवन

ता. क. तुझ्या पत्रात राहून गेलं. बाबांनी त्या रविवारी ओट्याकडे बघून चाव्या विचारल्या, तेव्हा त्या कुठे होत्या? आत्ता कुठे आहेत? पुढच्या पत्रात बाकी सगळं नंतर, आधी ते लिही.